दे वं

स्वरालीनं आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला तेव्हा हेमा स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती, आणि तो शब्द तिच्यासाठी नव्हता.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर नम्रता बसली होती, स्वरालीला बोलायला शिकवायला घरी येणारी. हातात झांजा, कीर्तनकाराच्या हातात असतात तशा, दोरीनं एकमेकींना बांधलेल्या पितळी वाट्यांची जोडी. समोर स्वराली. पाच वर्षं पूर्ण झालेली, नजर कायम समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली. नम्रतानं झांजा एकदा वाजवल्या आणि हात मागे घेतला. नाद हळूहळू विरत गेला. स्वरालीनं मान वाकडी केली, ओठ पुढे काढले आणि अगदी स्पष्ट म्हणाली,

"दे वं."

"घे वं बाई! शाब्बास!" नम्रतानं त्याच क्षणी झांजा तिच्या हातात ठेवल्या. स्वरालीनं त्या वाजवल्या आणि नेहमीप्रमाणे हनुवटीला लावल्या, थरथर हाडात उतरावी म्हणून.

हेमा सुरी हातात घेऊनच बाहेर आली. पलंगावर जपमाळ ओढत बसलेल्या सुशीलाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, अर्धवट उठून उभ्या राहिल्या होत्या.

"हेमा, बोलली गं! देवा रे रामा, बोलली पोर!" त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग पुण्याच्या कसब्यात उभा जन्म काढलेल्या बाईच्या आवाजात विचारलं, "पण 'वं' म्हणजे काय?"

"आमच्याकडं बाईमाणसाला म्हणतात आजी. तुम्ही 'गं' म्हणता ना, तसंच." नम्रता लाजून हसली. ती अमरावतीकडची, दर्यापूरची. "मी खेळताना बोलून गेली असेल. तिनं तेच उचललं."

"छान. नात कसब्यात जन्मली आणि बोलली वऱ्हाडी."

सगळ्या हसल्या. हेमाही हसली. घरात आनंद झाला की आईनं हसायचंच असतं. मग ती न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि रडली. त्या रडण्यात आनंद होताच, खोटं कशाला बोला. पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. कीर्तनात ऐकतो ना आपण, काम-क्रोधादी पाच रिपू वाजतगाजत येतात. मत्सर मात्र चपला बाहेर काढून, हात जोडून, दर्शनाला आल्यासारखा आत शिरतो. तसाच तो आला आणि हेमानं त्याला ओळखलंही नाही.

स्वराली स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी सांगितल्याला बरेच दिवस झाले होते. ती बोलत नसे. काही हवं असलं की किंचाळायची, आणि ते कुणाला कळलं नाही की स्वतःचं मनगट चावायची. तिला जगात एकच गोष्ट मनापासून आवडायची, झांजा. सासू-सुना तिला घेऊन दर गुरुवारी शेजारच्या राममंदिरात कीर्तनाला जात. तिथं ती झांजेच्या नादावर दगडासारखी स्थिर बसायची. म्हणून हेमानंच रविवार पेठेतल्या भांडीवाल्याकडून ही छोटी जोडी आणली होती. आवड शोधली हेमानं, झांजा आणल्या हेमानं, आणि त्या घेऊन सतरंजीवर बसली कोण, तर वारज्याहून स्कूटीवर येणारी ही पंचविशीतली पोरगी.

पहिल्या दिवशीच नम्रतानं सगळं समजावून सांगितलं होतं. "माणूस जे करतो त्यानंतर लगेच काहीतरी चांगलं मिळालं, तर तो ते पुन्हा करतो. एवढंच आहे हे. तिनं मागितलं, ओठ हलवले, काहीही केलं, की लगेच झांजा. मागता आलं ना, की चावायची गरजच उरणार नाही."

"म्हणजे लाच," सुशीलाबाई म्हणाल्या.

"लाच आधी देतात आजी. हे काम झाल्यावर."

"काम झाल्यावरही देतात. माझे यजमान सरकारी नोकरीत होते, मला नको शिकवूस."

पण नम्रतानं सुरुवातीचे काही आठवडे काहीच शिकवलं नाही, ती नुसती खेळली. झांजा वाजवायची आणि द्यायची, फुगे उडवायची, ओढणीखाली लपायची. हेमानं विचारलं तेव्हा म्हणाली, "आधी तिच्या मनात माझी जागा करून राहिली. मी आली म्हणजे काहीतरी छान होणार, असं तिला वाटलं पाहिजे."

तशी जागा झालीही. खाली बोळात स्कूटी थांबली की स्वराली दाराशी जाऊन उभी राहू लागली. नम्रता चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडायची तेव्हा ती त्याचं टोक धरून हुंगायची. हेमा पाठीमागून हे सगळं बघायची. केसांचा गुंता काढायचा तो हेमानं. नखं कापायची, कडू औषध पाजायचं, तोंडात ब्रश घालायचा, तेही हेमानंच. स्वरालीच्या मनात आईची कोणती जागा झाली असेल? हेमा दिसली की पोर हात पाठीमागे लपवायची, नखं कापायला आली असेल म्हणून.

"तुम्ही पण बसत जा ना आमच्यात," नम्रता म्हणायची.

"पोळ्या कोण करणार?" हेमा म्हणायची, आणि पोळ्या झालेल्या असल्या तरी आत जाऊन बसायची.

त्या पहिल्या शब्दाच्या संध्याकाळी श्रीधरनं, स्वरालीच्या बाबानं, सगळ्या नातेवाइकांना फोन केले. प्रत्येक फोनवर 'दे वं'ची गंमत सांगून झाली. धायरीच्या आत्याबाई म्हणाल्या, "अरे वा, त्या मुलीनं जादूच केली की!" हेमा शेजारी बसून ऐकत होती. जादू. पाच वर्षं हेमा तिच्याशी बोलत होती, आंघोळ घालताना, भरवताना, थोपटताना. ते सगळं शब्दांचं पाणी कुठल्या मातीत मुरलं कोण जाणे. पीक मात्र दर्यापूरचं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीधर कामावर गेला होता आणि सुशीलाबाई देवळात. झांजा देवघराच्या वरच्या फळीवर होत्या. हेमा फुलांची पुडी सोडत होती. स्वराली तिच्या मागे येऊन उभी राहिली, फळीकडे बघितलं आणि म्हणाली,

"दे वं."

आईकडे मागितलं होतं. पहिल्यांदाच.

एखाद्या बाईनं झांजाच काय, अख्खं देवघर उचलून दिलं असतं. हेमाचाही हात वर गेला. पण फळीपर्यंत पोचायच्या आतच थांबला. कारण कानावर पडला तो आवाजच नम्रताचा होता, तोच हेल, तोच शेवटचा लाडिक झोका. जणू ती बाई सकाळीसकाळी आपल्या देवघरात, आपल्या मुलीच्या तोंडात बसून बोलत होती.

हेमा खाली बसली. "वं नाही म्हणायचं, राणी. 'गं' म्हणायचं. आई, दे गं. म्हण."

"दे वं."

"नाही. गं."

"दे वं!"

"स्वराली, आपल्यात असं बोलत नाहीत. गं म्हटलंस की देणार."

स्वरालीनं आणखी एकदा म्हटलं, आवाज चढवून. मग ओठ मिटले, किंचाळली, आणि मनगट तोंडात गेलं. दात रुतले तशी हेमा घाबरली. तिनं घाईघाईनं झांजा काढून पोरीच्या हातात कोंबल्या. "घे बाई घे, चावू नकोस!"

झांजा हनुवटीला लागल्या आणि घर शांत झालं. आणि स्वराली त्या सकाळी एक गोष्ट नीट शिकली. शब्दानं काही मिळत नाही, चावलं की मिळतं.

हेमाला हे दिसलं नाही असं नाही. पण रोज तिला वाटायचं, आज म्हणेल 'गं'. एकदा म्हणू दे, मग सगळं देईन. रोज तेच घडायचं. सुशीलाबाई घरात नसताना स्वराली मागायची, हेमा अडवायची, पोर चावायची, हेमा द्यायची. हळूहळू मागणं आखडत गेलं. आधी 'दे' उरला, मग नुसते पुढे काढलेले ओठ, मग तेही नाही. पोर फळीखाली यायची आणि सरळ मनगट तोंडात घालायची.

सतरंजीवरही तेच सुरू झालं. नम्रता झांजा वाजवून थांबायची, वाट बघायची, आणि स्वराली तिच्याकडे बघत मनगट उचलायची. नम्रतानं झांजा बदलून खुळखुळा आणला, घुंगरू आणलं. उपयोग नाही.

"काहून असं होऊन राहिलं?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "हेमाताई, घरी मागते तेव्हा काय होते?"

"मागतच नाही."

"मागितलं तर देता ना लगेच?"

"म्हणजे काय. देते की."

नम्रता स्कूटीवरून गेली त्या दिवशी हेमानं खिडकीतून खाली बघितलं. तिची पाठ वाकलेली दिसली. हेमाच्या मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी सुखावलं. उतरली जादू. आणि लगेच आतून स्वरालीच्या रडण्याचा आवाज आला, आणि तो कोपरा हेमाला स्वतःलाच नकोसा झाला.

मग गुरुवार आला.

त्या गुरुवारी कीर्तनाला सत्यशीलाताई उभ्या होत्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, गळ्यात बुक्क्याचा वास असलेला हार. आवाज असा की देवळातली घंटा आपण होऊन गप्प राहावी. पूर्वरंग झाला, हार घालून झाले, नामाचा गजर झाला. स्वराली पुढेच बसली होती, मनगटावर पट्टी, डोळे झांजांवर. सुशीलाबाई आणि हेमा तिच्या मागे.

उत्तररंगात सत्यशीलाताईंनी एक दृष्टांत घेतला. एक राणी होती. लढाईच्या धामधुमीत तिनं तान्हं मूल डोंगरातल्या धनगरांकडे सांभाळायला ठेवलं. दिवस पालटले, मूल महालात परत आलं. एके दिवशी अंगणात त्याला ठेच लागली आणि ते ओरडलं, धनगरांची मुलं आईला जशी हाक मारतात, तसं.

"राणी धावत निघाली होती, मंडळी! अर्ध्या पायऱ्या उतरली होती! पण ती हाक कानावर पडली आणि पाऊल थांबलं. म्हणाली, ही हाक मारशील तर मी येणार नाही. माझ्या भाषेत हाक मार." सत्यशीलाताईंनी झांज एकदाच वाजवली आणि मुठीत धरून नाद मोडला. "मग काय झालं? मुलानं भाषा बदलली? नाही. मुलानं हाक मारणंच सोडलं. ठेच लागली तरी गप्प. महालात सगळे म्हणाले, केवढी शांतता आहे! मंडळी, ती शांतता नव्हे. ज्या घरात पोर ठेच लागूनही ओरडत नाही, त्या घरात कुणीतरी ओ द्यायचं विसरलंय."

हेमाचे कान तापले. ती सासूकडे वळून कुजबुजली, "तुम्ही यांना काही सांगितलंत का?"

"मी काय सांगणार?" सुशीलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "का गं? सांगण्यासारखं तू काय केलंस?"

कीर्तनात बसलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की हे आपल्यालाच उद्देशून चाललंय. त्यासाठी तर माणूस तिथं जातो. पण त्या दिवशी हेमाला ते सोसवेना. धनगरणीचं सगळ्यांना कौतुक, तिला वाटलं. पायऱ्यांवर थांबलेल्या राणीच्या पोटात काय कालवलं, ते नाही कुणी विचारलं. ती उठून जायच्या बेतात होती.

तेवढ्यात सत्यशीलाताईंनी घोटभर पाणी प्यायला झांजा खाली ठेवल्या आणि स्वराली उठली. सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. देवळात हलकं हसू पसरलं. ताई खाली वाकल्या, झांजा उचलून तिच्यापुढे धरल्या.

"काय हवंय बाळाला? माग की. रामाच्या दारात मागायला कसली लाज?"

स्वरालीनं ओठ पुढे काढले. शब्द आलाच होता, हेमाला तो दिसला. आणि त्याच वेळी पोरीनं मान वळवली आणि आईकडे बघितलं. जी कधी कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, तिनं गर्दीतून आईचे डोळे शोधून काढले. क्षणभर बघितलं. ओठ मिटले. आणि पट्टी असलेलं मनगट तोंडात गेलं.

"अरे अरे, द्या हो तिला! देऊन टाका!" चारी बाजूंनी आवाज आले. ताईंनी घाबरून झांजा तिच्या हातात दिल्या. पोर चावायची थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं.

हेमाला मात्र मांडीखालची फरशी सरकल्यासारखं झालं. पोरीकडे शब्द होता. ती विसरली नव्हती. तो शब्द तोंडाशी येऊन आईच्या धाकानं परत गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नम्रता आली तेव्हा स्वरालीऐवजी हेमा दारात उभी होती. नम्रताचा स्कार्फ सुटायच्या आत तिनं सांगून टाकलं, घडाघडा, जिन्यातच. देवघर, गं आणि वं, मनगट, सगळं.

नम्रतानं स्कार्फ तसाच हातात धरला. "आणि चावली की देत होता?"

"हो."

"रोज?"

"हो."

नम्रता आत येऊन सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "माझा राग होता तर मला बोलायचं होतं ना, हेमाताई. लेकराच्या शब्दावर कशाला काढला?"

"मग काय करू?" हेमाचा आवाज चिरकला. "तुमच्याकडे फुगे, तुमच्याकडे झांजा, तुमच्याकडे शाब्बास! माझ्याकडे काय, तर नखं आणि औषध. तुम्ही आलात की दाराशी धावते. मी जवळ गेले की हात लपवते. पाच वर्षांनी बोलली, तर तुमच्या तोंडचं बोलली. माझी मुलगी आहे हो ती!"

"तुमचीच आहे."

"मग माझ्यासारखं का नाही बोलत?"

आतल्या खोलीत जपमाळ थांबल्याचं दोघींनाही कळलं.

नम्रतानं मान खाली घातली. "ते मी दुसऱ्याच दिवशी बदलायला पाहिजे होतं. नुसतं 'दे' शिकवायचं होतं. मला माहीत होतं ते." ती स्कार्फची गाठ उगीच सोडत-बांधत राहिली. "नाही बदललं मी. इथं बोलली की लोक हसतात. मेसमधल्या काकू माझी नक्कल करतात, घरमालक म्हणतात पुन्हा बोला, पुन्हा बोला. आणि हे एवढंसं लेकरू माझ्यासारखं बोललं... मला वाटलं, या पुण्यात माझं कोणी आहे."

'माझं कोणी' हे शब्द ऐकले आणि हेमाच्या छातीत पुन्हा तीच सुई टोचली. पण या खेपेला तिला सुईचं दुसरं टोकही दिसलं. ते समोरच्या बाईच्या छातीत होतं.

सुशीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोघींचं माझी-माझी करून झालं असेल, तर पोरीच्या मनगटाचं बघा जरा."

नम्रतानं डोळे पुसले आणि झांजा हेमाच्या हातात ठेवल्या. "आजपासून मी नाही द्यायचं. द्यायचं तुम्ही. आणि ती जे म्हणेल, जसं म्हणेल, त्यावर लगेच. गं, वं, नुसतं दं. घासूनपुसून नंतर बघू. चावली तर द्यायचं नाही. हात अलगद खाली घ्यायचा आणि थांबायचं. आधी जास्त चावेल, सांगून ठेवते. मागं चालत होतं ते आज का चालत नाही, म्हणून जोर लावेल. तिथं तुम्ही विरघळल्या तर संपलं."

"आणि शब्द आलाच नाही तर?"

"तुम्ही म्हणून दाखवा आधी. तिच्याजवळ जो आहे तोच."

म्हणजे हेमानंच म्हणायचं होतं.

स्वराली समोर येऊन बसली. झांजा आईच्या हातात बघून तिनं सरळ मनगट उचललं. हेमानं ते धरलं, खाली घेतलं. किंकाळी फुटली. पोर उठून नम्रताकडे गेली, तिची ओढणी ओढली, तिचा हात धरून झांजांकडे खेचू लागली. नम्रता भिंतीकडे बघत राहिली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले होते. स्वरालीनं तिच्या गालावर डोकं घासलं, तरी ती हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिनं हात काढले नाहीत.

हेमानं हे बघितलं. जी ओढणी ओढली जावी म्हणून आपण एवढे जळलो, ती ओढली जात असताना दगड होऊन बसणं म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिनं झांजा वाजवल्या. नाद विरू दिला. घसा खाकरला.

"दे..." जीभ अडली. लहानपणापासून गं आणि अगं म्हणत आलेली जीभ ती. "दे वं."

पेठेतल्या उच्चारात ते इतकं विचित्र वाटलं की दारातल्या सुशीलाबाईंनी पदर तोंडावर धरला. स्वरालीनं मात्र मान वळवली. आईच्या तोंडाकडे बघितलं. हा शब्द इथं चालतो? या बाईपाशीही? हेमानं पुन्हा म्हटलं. आणि मग गप्प राहिली. गप्प राहणं त्याहून कठीण होतं. हात शिवशिवत होते देऊन टाकायला.

"दे," स्वराली म्हणाली.

"घे! घे माझी सोनी, शाब्बास!" 'वं'ची वाट न बघता हेमानं झांजा तिच्या हातात दिल्या. झांजा हनुवटीला लागल्या. नम्रतानं मांडीखालचे हात काढले. ते पांढरे पडले होते.

एका दिवसात काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोर आणखी जोरात चावली, हेमाच्याही हाताला एकदा दात लागले. पण मग पट्टी लहान होत गेली आणि 'दे' मोठा. तो झांजांवरून पाण्यावर गेला, पोळीवर गेला, पंख्याच्या बटणावर गेला. शेपटीला 'वं' होताच, तो काही कुणी काढला नाही. हेमानं झांजा घेऊन रोज बसायला सुरुवात केली, नखं कापायच्या वेळेपासून दूर, आणि हळूहळू ती दिसली की हात लपणं बंद झालं. एके दुपारी खाली स्कूटी थांबली तेव्हा स्वराली हेमाच्या मांडीवर होती आणि उठलीच नाही. नम्रता दारात थोडी थांबली, स्कार्फ सोडायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"हेच पाहिजे होतं," ती म्हणाली. फार उत्साहानं म्हणाली.

हेमानं स्वरालीला मांडीवरून उचललं आणि दाराकडे तोंड करून उभं केलं. "जा. नम्रताताई आलीय. जा की." पोर गेली. पाठवल्याचं दुःख हेमाला झालंच, पण न पाठवण्याचं झालं असतं त्यापेक्षा कमी.

मग बाहेरच्या माणसांकडे मागायला शिकवायचं ठरलं. तिघी देवळाजवळच्या दुकानात गेल्या. उदबत्त्या, कापूर, साखरफुटाणे, बत्तासे. गल्ल्यावर आनंदराव. ते गिऱ्हाइकाला आल्याबद्दल शिक्षा देत असल्यासारखे बसतात, हे सगळ्या कसब्याला माहीत. बरणीकडे बघून स्वराली उभी राहिली.

"दे वं," स्वराली आनंदरावांना म्हणाली.

'वं'ची गंमत पेठेत एव्हाना सगळ्यांना माहीत झाली होती. आनंदरावांनी चष्मा वर केला. "मी काय बाई आहे?"

"काका, द्या आधी," हेमा म्हणाली.

"द्यायला काय, देतो. पण मुलीला नीट बोलायला शिकवा. कसब्यातली माणसं तुम्ही."

"पाच वर्षांनी आलाय हो शब्द. त्यात बाई का पुरुष ते पुढच्या वर्षी बघू. लगेच द्या, वेळ घालवलात तर फुकट जाईल."

"काय फुकट जाईल?"

"काका!"

इतका चढा आवाज त्या दुकानात फक्त आनंदरावांचाच ऐकायची लोकांना सवय होती. त्यांनी मुकाट्यानं बरणी उघडली, एक बत्तासा काढला, स्वरालीच्या तळहातावर ठेवला. नम्रतानं मागून हळूच शिकवलं, "शाब्बास म्हणा काका."

"मी?" आनंदरावांनी इकडंतिकडं बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. "शाब्बास," ते घाईनं म्हणाले, आणि मग पुडीत आणखी चार बत्तासे टाकून ती पोरीच्या हातात दिली.

परत येताना स्वराली दोघींच्या मधून चालत होती. पुडी छातीशी. पहिला बत्तासा खाल्ला. दुसरा काढला, त्याच्याकडे बघितलं आणि हात उंचावून नम्रताच्या तोंडाशी नेला. नम्रतानं वाकून खाल्ला आणि हेमाकडे बघितलं, अपराध्यासारखं.

टोचलं. टोचायचंच ते. हेमा बोळातच खाली बसली, स्वरालीच्या उंचीला आली, आणि तळहात पुढे केला.

"मला पण एक दे वं."

मागून एक रिक्षा हॉर्न देत राहिली. हेमा हलली नाही, दुसऱ्यांदा म्हणाली नाही, पुडीला हात लावला नाही. स्वरालीनं पुडीत डोकावून बघितलं. बराच विचार केला. मग एक बत्तासा काढून स्वतः चावला, आणि उरलेला ओला तुकडा आईच्या तळहातावर ठेवला.

"शाब्बास!" हेमा म्हणाली. लगेच म्हणाली.